मांडवखोऱ्याची सहल

आदिलाबाद
४ सप्टेंबर २०२५

जानू बाळा,

तुला, भार्गवरावांना आणि स्वराला आईचा आशीर्वाद. इकडं सगळं ठीक आहे. पाऊस यंदा फार झाला. मागच्या अंगणात शेवाळ धरलंय, भिंतीला हात लावल्याशिवाय चालता येत नाही. महालक्ष्म्या परवा उठल्या. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं केलं. बाबा म्हणाले, काहीच कमी करायचं नाही. शेजारच्या बायका जेवायला आल्या, पोटभर जेवल्या आणि जाताना माझ्याकडं न बघता गेल्या. आपल्या घरी एवढ्यात एकही सण चुकला नाही. चुकवला तर काहीतरी मान्य केल्यासारखं होतं, म्हणून.

भार्गवरावांचा निरोप वाचला. दसऱ्याच्या सुट्टीत तुम्ही तिघं येणार, आणि एक दिवस मांडवखोऱ्यात जायचं म्हणतेस. मी मोबाइल हातात धरून किती वेळ नुसती बसून होते. तू माझ्याशी बोलली नाहीस, त्यांच्याकरवी सांगितलंस, पण सांगितलंस ना. तू फोन उचलत नाहीस याचा मला राग नाही. बाबा त्या वेळी तुला जे बोलले ते मी उंबऱ्यात उभी राहून ऐकलं होतं. पोटच्या पोरीला असं कोणी बोलत नाही. म्हणून तर पत्र लिहिते आहे. शिवाय फोनवर बोलायचं म्हटलं की बाबा समोरच असतात.

आता सहलीचं. भार्गवरावांनी विचारलंय, कुठून कसं जायचं ते नीट सांगा. हैदराबादहून गाडी घेऊन निघालात तर पहाटेच निघा, नाश्ता निर्मलला होईल. तिथं लाकडी खेळण्यांच्या कारखान्यात स्वराला जरूर न्या. लाकडाची सीताफळं, पपया, पोपट रंगवताना बघून पोरं पापणी लववत नाहीत. पुढं घाट चढला की नेरडीगोंड्याला कुंतला धबधब्याचा फाटा लागतो. बाहेरगावचे लोक कुंतला पाहतात, फोटो काढतात आणि तिथूनच परत फिरतात. मांडवखोरं त्यांना माहीतच नसतं. वाटलं तर कुंतला बघून तसेच पुढं या. नाहीतर सरळ आधी घरी या, एक मुक्काम करा, आणि दुसऱ्या दिवशी गुडिहतनूरवरून इंद्रवेल्लीच्या रस्त्यानं निघा. उतनूरच्या अलीकडं जंगलखात्याची चौकी आहे, तिथून आत वळायचं. मला हा दुसरा मार्ग बरा वाटतो. निदान एक रात्र तू घरी झोपशील.

चौकीच्या आत रस्ता कच्चा आहे. खायला काही मिळत नाही, मी दशम्या आणि तिळाची चटणी बांधून देईन. खोरं सुंदर आहे गं. दोन्ही अंगांनी सागाचे डोंगर, मधून ज्वारी-तुरीची हिरवी पट्टी, टोकाला ती धार आणि खाली डोह. मी असं कसं लिहू शकते, असं तुला वाटेल. सुंदर आहे ते सुंदर आहे, त्याला मी काय करू?

डोहात फुलं सोडायची आहेत म्हणालीस. स्वराला काही सांगायचं नाही, तिच्यासाठी नुसती सहल. बरोबर आहे. पण बाबांसमोर फुलांचं नाव काढू नकोस. ‘अपूर्व होता’ असंही तुझ्या तोंडून निघू देऊ नकोस, ‘आहे’ म्हण. दोन पावसाळ्यांमागं मित्रांबरोबर गेलेला, त्या डोहात उतरलेला आणि परत वर न आलेला तुझा भाऊ या घरात अजून ‘आहे’. त्याची गादी दर रविवारी उन्हात पडते.

बाबा हल्ली घरीच असतात. आधी रोज सकाळी बसस्टँडवर जायचे, आता जात नाहीत. जेवण कमी झालंय. वय झालं, दुसरं काय. तुम्ही येणार हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. बघून सांगते.

स्वराचा फ्रॉक कोणत्या मापाचा लागतो ते भार्गवरावांना कळवायला सांग. मी तिला पाहिलं तेव्हा ती माझ्या कमरेपर्यंतही येत नव्हती.

तुझी आई


आदिलाबाद
१३ सप्टेंबर २०२५

जानू,

आशीर्वाद. फ्रॉकचं माप मिळालं. किती वाढली गं पोरगी.

भार्गवरावांनी मापाबरोबर जे विचारलं त्याचं उत्तर मी दोन दिवस टाळलं. आता लिहिते. त्यांच्या ऑफिसातला माणूस उन्हाळ्यात इकडं फिरायला आला होता, निर्मलच्या खेळण्यांच्या दुकानापाशी त्याला एक म्हातारे गृहस्थ भेटले, आणि परवा त्यानं तुमच्या घरी लग्नाचा फोटो पाहून बाबांना ओळखलं, असं ना? ते बाबाच होते. आणि त्यांच्या बाजूला पिशवी घेऊन बसलेली बाई मी होते. ते त्यानं सांगितलं नसेल. माझ्याकडं कोण बघतं?

हे कसं सुरू झालं ते सांगते. तू अपूर्वच्या दहाव्याचा विषय काढलास, बाबांचे बोल ऐकून निघून गेलीस, त्यानंतर पोलिसांचं आणि पाणबुड्यांचंही येणं थांबलं. तहसीलच्या नोकरीत बाबांनी उभा जन्म पंचनामे लिहिले. ते म्हणाले, “प्रेत नाही तर पंचनामा नाही, आन् पंचनामा नाही तर माणूस मेला कसा म्हणता?” ते एकटेच खोऱ्यात जाऊ लागले. दिवसभर हाका मारायचे. चौकीवरचा पंढरी त्यांना संध्याकाळी एसटीत बसवून द्यायचा. मग त्यांच्या मनानं घेतलं की आपण दोनच डोळे तरी किती बघणार? तिथं माणसं गेली पाहिजेत. चार माणसं गेली की आठ डोळे होतील.

म्हणून ते बसस्टँडवर बसू लागले. नागपूरची, नांदेडची, यवतमाळची माणसं पाठीवर बॅगा घेऊन उतरली की हे उठून जवळ जायचे. “कुंतल्याले चालले का? जा, पण तिथं तर सगळेच जातात. तुमी मांडवखोरं पाहा. लई भारी जागा हाये.” कोणती एसटी, कुठं उतरायचं, ऑटोवाला किती वेळ थांबेल, सगळं समजावून सांगायचे. कधी निर्मलला जाऊन तिथल्या माणसांना सांगायचे. रस्ता सांगून झाला की अपूर्वचा फोटो दाखवायचे. “हा आमचा पोरगा. घरून रुसून गेला. तिकडं दिसला तर या नंबरवर कळवा. आन् काही नाही तर नुसते फोटो तरी पाठवा.”

रुसून गेला, म्हणायचे. पाण्यात गेला असं म्हटलं असतं तर कोण गेलं असतं तिकडं?

मी पहिल्यांदा बसस्टँडवर गेले ती त्यांना घरी आणायला. ऊन फार होतं. नागपूरची दोन नवी लग्न झालेली पोरं होती, बाबांचं ऐकून खूष झाली. त्या पोरीनं मला विचारलं, “आजी, तुम्ही गेलात का तिथं? छान आहे?” मी छान आहे म्हणाले. पाणी कसं आहे म्हणाली. मी म्हणाले, गार आहे. मग मी रोजच जाऊ लागले. दशम्या करून न्यायचे, जाणाऱ्यांना द्यायचे. तू मला वेडी म्हण. पण संध्याकाळी लोकांचे फोटो यायचे ना गं. आम्ही दोघं दिव्याखाली बसून ते बोटांनी मोठे करून बघायचो. फोटोत हसणारी माणसं असायची, त्यांच्याकडं आम्ही कधी बघितलंच नाही. त्यांच्या मागं बघायचो. झाडांच्या मधे, दगडांच्या आड. रोज बघायला काहीतरी होतं. तेवढ्यावर आम्ही जेवत होतो, झोपत होतो.

एकदा एका फोटोत मागं एक माणूस पाठमोरा दिसला. निळा शर्ट, उजवा खांदा जरा उतरलेला, अपूर्वसारखाच. बाबा रडायला लागले. आम्ही जीप करून गेलो. वरच्या अंगाला कोलाम आदिवासींचा गुडा आहे, चार झोपड्यांची वस्ती, तिथलाच तो पोरगा होता. शेळ्या घेऊन चालला होता. बाबांनी मागून जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्यानं वळून पाहिलं. बाबांनी हात काढलाच नाही. त्याच्या आईनं आम्हाला बसवलं, काळा चहा दिला. आमची बोली तिला कळत नव्हती, तरी तिनं पोराला आमच्यापाशी बराच वेळ उभं ठेवलं.

हे श्रावणात बंद झालं. का झालं ते आता नको. पुढं कधी.

आज सांगायची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही येणार असल्याचं मी बाबांना सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते अंथरुणावरून उठून बसले. म्हणाले, “जानू स्वतः म्हणाली? मांडवखोऱ्यात जाऊ म्हणाली?” मी हो म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दाढी केली. इतके दिवस भिंतीकडं तोंड करून पडलेला माणूस बाजारात जाऊन आला, स्वरासाठी रबरी चप्पल घेऊन आला, पाण्यात घसरू नये म्हणून. आता सगळी सहल तेच ठरवताहेत. कुंतला नको, उगाच वेळ जातो. घरून उजाडायच्या आत निघायचं. दिवसभर तिथंच थांबायचं. मी पोळ्या लाटत असताना मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “रमा, माझंच चुकत होतं. परक्या माणसाच्या हाकेले तो काऊन येईल?”

मी पुढं काही विचारलं नाही. त्यांच्या तोंडावर हसू होतं. इतक्या दिवसांनी होतं, म्हणून मी विचारलं नाही.

घरात बरं वाटतंय. तू आलीस की आणखी बरं वाटेल.

आई


आदिलाबाद
२२ सप्टेंबर २०२५

जान्हवी,

हे पत्र तू एकटी असताना वाच. स्वरा जवळ असेल तर तिला बाहेर खेळायला पाठव.

गेल्या आठवड्यात बाबांनी भार्गवरावांच्या फोनवर स्वराशी बोलणं केलं. भार्गवरावांना आनंद झाला असेल, आजोबा बोलले म्हणून. मी स्वयंपाकघरात होते. मला इकडचं ऐकू येत होतं. “तू ये, मंग आपण दोघं डोहाच्या दगडावर उभं राहू. तू जोरात मामा म्हणून हाक मारजो. तुझ्या हाकेले तो येते. त्यानं तुले खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. तू मारजो हाक, जवळ जाऊन.”

मी हातातला भाताचा गंज खाली ठेवला. तेव्हा मला कळलं की मी पुढं कधी सांगीन म्हणून जे ठेवलं होतं ते ठेवता येणार नाही.

आता सांगते, श्रावणात काय झालं.

एका सकाळी किनवटकडचं एक कुटुंब बसस्टँडवर उतरलं. देवाजी नावाचा माणूस, त्याचं गावात किराणा दुकान आहे. त्याची बायको रुक्माबाई आणि मुलगी मयूरी. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, म्हणून तिला कुंतला दाखवायला आणलं होतं. दोन वेण्या घातलेल्या, बोलकी पोर. बाबा गेले जवळ. नेहमीचं बोलले. देवाजी म्हणाला, “पावसाचं पाणी जास्त असंन ना बाप्पा?” बाबा म्हणाले, “घोट्याले लागते. पोरीले मजा येईल.” मी त्यांना दशम्या दिल्या. त्या पोरीनं मला वाकून नमस्कार केला. अपूर्वचा फोटो तिनंच आपल्या मोबाइलमध्ये काढून घेतला, म्हणाली, “आजी, दिसला तर मी पकडूनच आणते त्याला.”

दुपार कलली तेव्हा पंढरीचा फोन आला, चौकीवरून. त्याला नीट बोलता येत नव्हतं. “काका, डोहात बॉडी लागली हाये. तुमी या,” एवढंच म्हणाला आणि लाइन गेली.

जानू, आम्हाला काय वाटलं असेल ते तुला समजेल का? आम्हाला आनंद झाला. मी खोटं लिहीत नाही. बाबांनी माझे दोन्ही हात धरले. मी कपाट उघडून तुझ्या लग्नात अपूर्वनं घातलेला मोतिया रंगाचा सदरा काढला, नवं धोतर घेतलं, गंगाजल घेतलं. जीपमध्ये बाबा सारखे बोलत होते. “जानूले सांगू. तिचंच बरोबर होतं. तिले बोलाव, आता दहावा करू, सगळं रीतसर करू, तिचे पाय धरतो मी.” मी तुला फोन लावत होते. तू उचलला नाहीस, ते बरंच झालं म्हणते मी आता.

डोहापाशी माणसं जमली होती. एका शालीखाली झाकून ठेवलं होतं. मी वाकले आणि शाल सरकवली. वेणी होती.

पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हे, की हा आपला नाही. ती कोण, कोणाची, हे नंतर आलं. आधी तेच आलं. आणि मी तिथं बसून हंबरडा फोडला. आपला नाही म्हणून, सदरा परत न्यावा लागणार म्हणून. रुक्माबाईला वाटलं मी तिच्या लेकीसाठी रडते आहे. ती माझ्या गळ्यात पडली. “मावशी, सकाळी तुमच्या पाया पडली हो माझी माय,” म्हणून माझ्या छातीवर डोकं आपटू लागली. मी तिला धरलं. धरायचा मला हक्क नव्हता, तरी धरलं.

देवाजी बाबांकडं आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. म्हणाला, “काका, तुमी घोट्याएवढं म्हणले होते ना?”

बाबा म्हणाले, “काठाले घोट्याएवढंच हाये.”

“ती काठालेच होती. फोटो काढून राह्यली होती, तुमच्यासाठी. मागचे दगड दिसाले पाह्यजे म्हणे.” मग म्हणाला, “तुमचा पोरगा सापडला का काका?” त्या वेळी, त्या जागी, त्यानं हे विचारलं गं.

पंढरी मधेच बोलून गेला. “यांचा पोरगा याच डोहात गेला ना दोन सालाआधी. अजून भेटला नाही.”

देवाजी बाबांकडं वळला. ओरडला नाही. हात उचलला नाही. त्याला खरंच समजत नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं.

“मंग तुमी आमाले इथं काऊन धाडलं?”

रुक्माबाईनं माझ्या गळ्यातले हात काढून घेतले. सावकाश, एकेक करून. ते हात निघताना मला अजून जाणवतात.

पोलिसांनी नंतर देवाजीला विचारलं की इकडं कसे आलात, तर तो म्हणाला, असंच, विचारत विचारत आलो. त्यानं आमचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मला एखाद्या रात्री झोप आली असती.

त्या दिवसापासून बाबा भिंतीकडं तोंड करून पडले. तू येणार म्हटल्यावर उठले ते असे. मी समजत होते की त्यांना झालेलं कळलंय. त्यांना एवढंच कळलंय की परकी माणसं पाठवून उपयोग नाही, घरचं माणूस पाठवलं पाहिजे. मयूरीचं नाव मी काढलं तर म्हणतात, “ते वेगळं. ती पोरगी अनोळखी होती. पाणी अनोळखी माणसाले ओढते.” असं म्हणून स्वराच्या चपला काढतात, पुसतात, परत ठेवतात.

मी ठरवलं की आता आपणच काहीतरी करावं. काल सर्वपित्री होती. बाबा उठायच्या आत मी स्वयंपाक केला. वडे, खीर, कढी, अपूर्वला आवडायची ती गवारीची भाजी. या घरात त्याचं पान कधी वाढलं नव्हतं. मी वाढलं. बाबा अंघोळीला गेल्यावर मागच्या अंगणात पाट मांडला, पान ठेवलं, त्याचं नाव घेतलं. “अपूर्व, बाळा, तू गेलास. जेव आणि जा,” असं म्हणाले. हात जोडून कावळ्याची वाट बघत उभी राहिले.

बाबा ओल्या अंगानं बाहेर आले. त्यांनी पान पाहिलं. मला वाटलं लाथ मारतील, मारली असती तरी चाललं असतं. ते पाटावर बसले. मांडी घातली. आणि जेवायला लागले. “ताजं अन्न कावळ्याले काऊन टाकतेस? आल्यावर त्याले गरम करून दे. आता मी खातो,” म्हणाले. सगळं खाल्लं. वडे, खीर, भाजी, पानात काही ठेवलं नाही. मी समोर उभी होते. तुला सांगते, माझ्या पोराचं पितरांचं पान त्याच्या बापानं माझ्या डोळ्यांसमोर जेवून संपवलं, आणि वर ढेकर देऊन मला विचारलं, “जानू कधी निघून राह्यली?”

संध्याकाळी गल्लीतल्या तेलुगू बायका तरवडाच्या आणि कुरडूच्या फुलांचे मनोऱ्यासारखे रचलेले बतकम्मा डोक्यावर घेऊन तलावाकडं गेल्या. गाणी म्हणत होत्या. मला हाक मारली. मी गेले नाही. मला आता पाण्याकडं जाणाऱ्या कोणाच्याच मागं जावंसं वाटत नाही.

मी डॉक्टरांकडं न्यायचं बोलून पाहिलं. म्हणाले, “मले काय झालंय?” तू म्हणशील, आई, तू निघून ये इकडं. यायला मला कोणी अडवलेलं नाही. पण मी निघाले की ते दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर जाऊन बसतील. कोणाची तरी पोरं उतरतील. मी इथं असले तर निदान दार लावून घेते, फोन लपवून ठेवते, मागं मागं फिरते. देवाजीच्या लेकीनंतर मला तेवढंच काम उरलंय. ते मी मरेपर्यंत करीन. ते गेल्यावर मला रडायला येईल की सुटल्यासारखं वाटेल, ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायचं धाडस नाही.

म्हणून लिहिते. दसऱ्याला येऊ नका. दिवाळीलाही नको. भार्गवरावांना सांग, सुट्टी दुसरीकडं घालवा. तुला एकटीला यावंसं वाटेल. तशीही येऊ नकोस. तू आलीस की ते तुझ्याबरोबर निघतील आणि तुला ‘नाही’ म्हणता येणार नाही. त्यांचा चेहरा तेव्हा फार चांगला दिसतो, मलाही म्हणता आलं नव्हतं. आजोबांचा फोन आला तर स्वराला देऊ नका.

तुझ्या मनात डोहात फुलं सोडायची होती. तुझ्या गावात पाणी असेलच कुठंतरी. तिथं सोड. माझ्या वाटचीही सोड. मंत्र वगैरे काही लागत नाहीत, त्याला नावानं सांग, की आईनं तुला जा म्हटलंय. इथं मी म्हणाले ते त्याच्यापर्यंत पोचलं असेल असं मला वाटत नाही.

तुला पाहायची इच्छा मला किती आहे ते या कागदावर मावणार नाही, म्हणून ते लिहीत नाही.

आयुष्यात पहिल्यांदा लेकीला ‘माहेरी येऊ नकोस’ म्हणणारी,
तुझी आई